कुणाच्या सणाला सारा देश थांबतो?

(कन्हेरी, ता. बारामती येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



थेट विषयाला हात घालतो. विषय आहे आफ्रिकेतल्या देशांच्या सार्वजनिक सुट्ट्या. उसाच्या पट्ट्यातल्या गावात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. तो इथेच का बोलायचा आहे, ते शेवटाकडे येताना आपोआप उलगडेल.

आधी आपल्या घरची यादी पाहू. वर्ष संपत आलं की राज्य शासन पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची अधिसूचना काढतं. बँकेत, सोसायटीत, शाळेच्या कार्यालयात ती लागते. आपण तारखा बघतो, कुठली सुट्टी रविवारी आली म्हणून हळहळतो आणि पुढे जातो. माझी विनंती आहे की एकदा तिचा मथळा वाचा. त्यात परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ या कायद्याच्या कलम २५चा उल्लेख असतो. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामाच्या दिवशी भरली असं मानायचं, हे त्या कलमात सांगितलं आहे. इंग्रजी अमदानीत सावकार-व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी केलेल्या या कायद्याच्या आधारे आज आपली दिवाळी, रमजान ईद, डॉ. आंबेडकर जयंती आणि नाताळ या सार्वजनिक सुट्ट्या ठरतात. बँक कधी बंद, कचेरी कधी बंद, एवढं ही यादी सांगते. शेतात कुणी थांबायचं की नाही, यावर ती काही बोलत नाही. हा मुद्दा ध्यानात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

तरीही ही यादी कोरडी नाही. त्यात पारशी नववर्ष दिन आहे. २०११च्या जनगणनेत सबंध देशात पारशी होते सुमारे ५७ हजार. बारामती तालुक्याची लोकसंख्या त्याच्या कितीतरी पट आहे. पण त्या मूठभर माणसांच्या नववर्षाला महाराष्ट्रातली सरकारी कचेरी बंद राहते. कुणाचा आनंद सगळ्यांनी मिळून पाळायचा आणि कुणाचं दुःख सगळ्यांनी मिळून आठवायचं, हे राज्य आपल्या सुट्ट्यांतून ठरवत असतं. आफ्रिकेतल्या देशांना हा निर्णय आपल्यापेक्षा अवघड परिस्थितीत घ्यावा लागला. सरहद्दी परक्यांनी नकाशावर आखलेल्या, एका देशात अनेक भाषा, अनेक धर्म, आणि गुलामगिरीच्या व वसाहतीच्या जखमा ओल्या. तिथे कॅलेंडर नव्यानं लिहावं लागलं.

दक्षिण आफ्रिकेतला १६ डिसेंबर घ्या. १८३८ साली याच दिवशी न्कोमे नदीकाठी डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी झुलू सैन्याचा पराभव केला. सुमारे तीन हजार झुलू मारले गेले, गोऱ्यांपैकी एकही नाही. नदी रक्ताने लाल झाली म्हणून त्या लढाईला रक्तनदीची लढाई म्हणतात. लढाईपूर्वी गोऱ्यांनी देवाला नवस केला होता, जय मिळाला तर हा दिवस कायम पाळू. पुढे गोऱ्यांच्या राजवटीत ती राष्ट्रीय सुट्टी झाली. ज्यांचे पूर्वज त्या नदीकाठी पडले, त्यांच्याही देशाची ती सुट्टी! मग १९६१ साली नेल्सन मंडेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशस्त्र लढ्याची संघटना जाहीर केली, ती मुद्दाम १६ डिसेंबरलाच. एकाच तारखेला एका घरात विजयाची प्रार्थना आणि दुसऱ्या घरात बंडाची शपथ.

१९९४मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. ही सुट्टी रद्द करणं त्यांना सहज शक्य होतं, आणि तिचं नाव उलटं करून झुलूंचा शौर्यदिन करणंही शक्य होतं. नव्या सरकारने यातलं काहीच केलं नाही. तारीख तशीच ठेवली आणि नाव दिलं समेटाचा दिवस. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. इतिहास पुसला नाही, सूडही घेतला नाही. दोन्ही घरांना त्याच दिवशी समोरासमोर बसायला लावलं. त्याच यादीत २१ मार्चही आहे. १९६० साली त्या दिवशी शार्पव्हिल इथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला, ६९ माणसं गेली. आज तो मानवी हक्क दिन आहे. १६ जून हा १९७६च्या सोवेटोतल्या शाळकरी मुलांचा दिवस. इथे विद्यार्थी बसले आहेत म्हणून सांगतो. जी भाषा आपल्यावर राज्य करणाऱ्यांची, तिच्यातून शिकण्याची सक्ती नको, म्हणून ती मुलं रस्त्यावर उतरली होती आणि गोळ्यांना सामोरी गेली होती. तुमच्या वयाच्या मुलांच्या नावाने तिथे सारा देश सुट्टी पाळतो.

आता मी तुम्हाला मॉरिशसला नेतो आणि तिथे जरा थांबतो, कारण तिथे आपली माणसं आहेत.

आफ्रिकेच्या पूर्वेला हिंदी महासागरात हे लहानसं बेट. लोकसंख्या साधारण बारा-तेरा लाख. १९६८ साली ते स्वतंत्र झालं. स्वातंत्र्यासाठी १२ मार्च ही तारीख निवडली, ती गांधीजींच्या दांडीयात्रेच्या आरंभाचा दिवस म्हणून. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत पोर्ट लुई या राजधानीत दोन जमातींत दंगल पेटली होती, इंग्रजी फौज बोलवावी लागली होती. हा देश टिकेल का, अशी शंका घेणारे तेव्हा बरेच होते. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी. हिंदूंतही भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि मराठी. अशा बेटाने वर्षाच्या पंधरा सुट्ट्या कशा वाटल्या, ते बघण्यासारखं आहे. महाशिवरात्र आहे, तमिळांची कावडी आहे, तेलुगूंचा उगादी आहे, चिनी नववर्ष आहे, ईद आहे, दिवाळी आहे, नाताळ आहे. १ फेब्रुवारी ही १८३५ साली गुलामगिरी संपल्याची सुट्टी. २ नोव्हेंबर ही १८३४ साली ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ करारबद्ध मजूर कलकत्त्याहून उतरले, त्या आगमनाची सुट्टी. आणि या पंधरांत एक गणेश चतुर्थी आहे.

मंडळी, यावर क्षणभर विचार करा. तिथे गणपती बसवणारा समाज मुख्यतः मराठी, आणि मराठी माणसं तिथल्या लोकसंख्येत अगदी थोडी. त्यांच्या घरात आज बहुतेक क्रिओल बोलली जाते. पण त्यांच्या गणपतीसाठी तिथली न्यायालयं बंद राहतात, शाळा बंद राहतात. चिनी दुकानदाराला, ख्रिस्ती कारकुनाला, मुसलमान शिक्षकाला सुट्टी मिळते. आफ्रिकेतल्या एका देशाने मराठी माणसाच्या सणाला आपलं मानलं आहे, हे आपल्या शाळेत किती मुलांना ठाऊक असेल?

आणखी एक बारकावा सांगतो. तिथली गणेश चतुर्थीची सुट्टी चतुर्थीला नसते, दुसऱ्या दिवशी असते. २०२३ साली आपल्याकडे गणपती १९ सप्टेंबरला आले, मॉरिशसची सुट्टी २० सप्टेंबरला होती. २०२५ साली आपल्याकडे २७ ऑगस्ट, तिथे २८ ऑगस्ट. कोकणातल्या कुणालाही विचारा, तो लगेच सांगेल असं का. दीड दिवसाचा गणपती! मॉरिशसला गेलेले मराठी मजूर मुंबई बंदरातून चढले आणि त्यांत मोठा भरणा रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या लोकांचा होता. त्यांच्या घरी गणपती दीड दिवसाचा. चतुर्थीला आणायचा, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर किंवा समुद्रावर न्यायचा. सरकारने सुट्टी दिली ती विसर्जनाच्या दिवशी, कारण सगळा समाज रस्त्यावर येतो तो त्या दिवशी. पंचांगातल्या तिथीपेक्षा माणसांची रीत त्या सरकारने पाहिली. तिथला पहिला गणपती १८९६ साली हेन्रिएटा गावात एका मराठी घरात बसला, असं तिथली मंडळी सांगतात. म्हणजे लोकमान्यांनी पुण्यात गणेशोत्सव सार्वजनिक केल्यानंतर तीनच वर्षांनी. कोकणातलं जाखडी नृत्यही तिथे आहे, त्याला ते झाकरी म्हणतात. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते.

हे मजूर तिथे कशासाठी गेले? उसासाठी. म्हणून हा विषय मी कन्हेरीत काढला. गुलामगिरी संपली तेव्हा उसाच्या मळेवाल्यांना हात हवे होते. ते हात भारतातून नेले गेले. १८३४पासून पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साधारण साडेचार लाख माणसं त्या एका बेटावर उतरली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर त्यांची नोंद व्हायची, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. करार पाच वर्षांचा. त्यात एक जुलमी रीत होती. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. ताप आला तरी कापायची, सण आला तरी कापायची. महिनाभर राबून काही मजूर मळेवाल्याचेच देणेकरी होत. १८७१ साली आडोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका युरोपियन माणसाने हजारो मजुरांच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज गव्हर्नरकडे नेला. गोऱ्या मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारहाण केली. पण त्या अर्जामुळे इंग्लंडहून चौकशी आयोग आला आणि मजुरांचे हाल कागदावर आले.

ज्यांना एक दिवस थांबण्याची किंमत दोन दिवसांच्या मजुरीने मोजावी लागत होती, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांच्या देशात त्यांच्या सणाला सगळे थांबतात. मॉरिशसच्या यादीचं मोल मला यात दिसतं.

आता पश्चिमेकडे, सेनेगलला. ती गोष्ट ऐकताना वारकरी मंडळींना ओळखीची वाटेल. सेनेगलमध्ये दहांतले नऊहून जास्त लोक मुसलमान. तरी नाताळ, ईस्टरचा सोमवार, येशूचं स्वर्गारोहण या सगळ्या राष्ट्रीय सुट्ट्या. त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लिओपोल सेंगोर कॅथलिक होते, कवी होते, आणि मुसलमान प्रजेने त्यांना वीस वर्षं निवडून दिलं. पण मला सांगायचं आहे ते मागाल नावाच्या यात्रेबद्दल. अमदू बांबा नावाचे सूफी संत तिथे होऊन गेले. भुईमुगाच्या शेतात घाम गाळणं हीही उपासनाच, असं त्यांचे अनुयायी मानतात. फ्रेंच सरकारला त्यांच्याभोवती जमणाऱ्या गर्दीची धास्ती वाटली. १८९५ साली त्यांना पकडून दूर गॅबनला हद्दपार केलं. त्या हद्दपारीच्या तिथीला दरवर्षी लाखो भाविक तूबा शहरात जमतात. गावोगावच्या वाटा भरून जातात, यात्रेकरूंना घरोघरी जेवू घातलं जातं. या यात्रेची सुट्टी २०१३पासून तिथे राष्ट्रीय झाली.

आपल्याकडे आषाढात काय होतं? तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून तुमच्या शेजारून पुढे जाते. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ बांधव मेंढ्यांचं रिंगण करतात. पुढे सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. या सगळ्या वाटेवर त्या दिवसांत कामं आपोआप थांबतात, कुठल्या अधिसूचनेची वाट कुणी पाहत नाही. आणि शेतात राबणं हेच ज्यांचं भजन झालं, ते सावता महाराज अरणचे, इथून फार लांब नव्हे. पण आषाढी एकादशी राज्याच्या सर्वसाधारण सुट्ट्यांच्या यादीत नाही. सोलापूरला जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात तेवढीच. ती राज्यभर व्हावी असा माझा आग्रह नाही. लोक जो दिवस स्वतःहून पाळतात त्याला सरकारी शिक्क्याची गरज नसतेही. सेनेगलच्या सरकारने तो शिक्का दिला, कारण तिथे प्रश्न परक्या सत्तेने हद्दपार केलेल्या माणसाचा सन्मान परत करण्याचा होता.

घानाकडे मात्र मी तुमचं लक्ष आग्रहाने वेधणार आहे. १९८३ साल घानासाठी फार वाईट गेलं. भीषण दुष्काळ, रानात वणवे, उभी पिकं जळाली. त्याच वर्षी नायजेरियाने तिथे पोट भरायला गेलेल्या लाखो घानावासीयांना हाकलून दिलं, ती सगळी माणसं उपाशी देशात परतली. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि शेतकऱ्यांनी देशाला पुन्हा खायला घातलं. १९८५पासून घानाने शेतकरी दिन सुरू केला. नुसता भाषणांचा नव्हे, राष्ट्रीय सुट्टीचा. अनेक वर्षं तो डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी पाळला गेला. देशातला सर्वोत्तम शेतकरी निवडला जातो. पहिल्या विजेत्याला बक्षीस काय मिळालं? दोन कोयते, गमबूट आणि एक रेडिओ. पुढे पुढे ट्रॅक्टर आणि मग तीन बेडरूमचं घरसुद्धा. टांझानियात ८ ऑगस्टला शेतकऱ्यांची सुट्टी असते, झांबियात ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी.

आपण १ जुलैला, वसंतराव नाईक यांच्या जन्मदिवशी, कृषी दिन पाळतो. त्या दिवशी सुट्टी नसते. आपल्या यादीत एक दिवस मात्र शेतकऱ्यांच्या राजाचा आहे, बलिप्रतिपदा. त्या बळीराजाला महात्मा फुल्यांनी पुन्हा आपल्यासमोर उभं केलं. आणि आता विचारतो, बलिप्रतिपदेला तुमच्या शिवारात काय चित्र असतं? दसरा झाला की बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या निघतात. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती; चहूबाजूंनी आपण कारखान्यांच्या मध्ये आहोत. गव्हाणीत मोळी पडली की कारखाना अहोरात्र चालतो, त्याला ऊस कमी पडून चालत नाही. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने आठवड्याची सुट्टी आहे. दुकानात, कार्यालयात ठरावीक संख्येइतकी किंवा जास्त माणसं असतील तर २०१७च्या महाराष्ट्राच्या कायद्याने वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. फडात कोयता चालवणाऱ्या जोडप्याला यांपैकी काहीच लागू होत नाही. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, मजुरी टनावर. एक दिवस काम बुडालं की खाडा. त्या खाड्यापोटी दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत कापले जातात, हे २०१९ साली वर्तमानपत्रांत ठळकपणे आलं होतं. पाळीच्या दिवसांत खाडा नको म्हणून बायकांनी गर्भाशयं काढून टाकली, त्याची चौकशी राज्य सरकारला समिती नेमून करावी लागली.

मॉरिशसच्या मळेवाल्याने एका दिवसाला दोन दिवसांची मजुरी कापली, ते ऐकताना तुम्हा सगळ्यांचे चेहरे कठोर झाले होते. मी ते इथून पाहत होतो.

यावर आपल्याच मातीत एक माणूस भांडलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे, सत्यशोधक. मुंबईच्या गिरण्यांत माणसं सकाळपासून दिवे लागेपर्यंत राबत, सुट्टीचा पत्ता नसे. १८८४पासून लोखंड्यांनी सभा घेतल्या, मजुरांच्या सह्या गोळा केल्या. रविवार हा खंडोबाचा वार, तो कुलदैवताला आणि समाजाच्या कामाला मोकळा हवा, हेही त्यांचं म्हणणं होतं, असं सांगितलं जातं. ज्यांच्या घरात जेजुरीचा भंडारा आहे, त्यांना त्याचं मोल कळेल. १० जून १८९०ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण जो रविवार सहज उपभोगतो, तो त्या गिरणी कामगारांनी मिळवला. फडापर्यंत तो अजून आलेला नाही.

कुणी म्हणेल, तोडणी टनावर असते, सुट्टीचे पैसे द्यायचे कुणी? प्रश्न बरोबर आहे, पण त्याला उत्तर आहे. साखर संघ आणि तोडणी मजुरांच्या संघटना यांच्यात काही वर्षांनी दराचा करार होतो. जानेवारी २०२४मध्ये ३४ टक्के दरवाढ अशीच बोलणी करून झाली. त्या कागदावर आठवड्याच्या एका पगारी दिवसाचं कलम घालता येतं. लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदा हे दोन दिवस घालता येतात. बाईच्या पाळीच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांना खाडा लागणार नाही, असं लिहिता येतं. टोळ्यांचं वेळापत्रक आळीपाळीने लावलं, तर गाळपही थांबणार नाही. हे सगळं कारखान्याच्या शेतकी खात्याला जमणारं काम आहे. ऊस कधी लावला, कधी तुटेल याची तारीखवार नोंद ते वर्षानुवर्षं ठेवतातच.

आणि त्याची सुरुवात मुंबईत व्हायची वाट पाहू नका. आपले कारखाने सहकारी आहेत. इथे बसलेले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत. वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदाला ठराव मांडता येतो. उसाच्या दरावर तुम्ही तिथे तावातावाने बोलता, बोललंच पाहिजे. येत्या सभेत त्याच दमाने हा एक ठराव मांडा. आमच्या कारखान्याला ऊस तोडणाऱ्या प्रत्येक जोडप्याला आठवड्यातून एक पगारी दिवस आणि दिवाळी पाडव्याचा, म्हणजे बलिप्रतिपदेचा, दिवस मिळेल, त्या दिवसांचा खाडा कुणीही कापणार नाही, आणि त्यासाठी टनामागे लागणारी रक्कम आम्हाला मान्य आहे. सूचक एक लागेल आणि अनुमोदक एक. सभा संपल्यावर मी इथेच थांबणार आहे. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी कागद घेऊन यावं, आपण मिळून लिहू.